सांडलेल्या पाण्यावरचे नेचे

दिनांक ३ मार्च १९८६ रोजी आमच्या कार्यालयाने एकशे बारा रुपये पन्नास पैसे देऊन पुण्याच्या एका रोपवाटिकेतून पंधरा नेचे विकत घेतले. नग पंधरा, दर साडेसात, कुंड्यांसह. पावती मीच फाईलला लावली होती, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. त्या दिवशी टँकर आला नव्हता, हेही लक्षात आहे. कारण खोकी उघडून साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा, आणि सगळे कार्यालय नागुबाईंकडे बघू लागले.

नागुबाई आमच्याकडे पाणी भरायच्या. रोजंदारीवर, रोजचे नऊ रुपये, रविवारचे काही नाही. वय विचारले तर सांगायच्या, दीक्षेच्या साली मी शेळ्या राखत होते, आता तुम्हीच धरा. आम्ही छप्पन साल धरून चाळीस काढले होते. माहेर देवणीकडचे. नवरा ग्यानोबा अडतीवर हमाल होता, पण पोती उचलून उचलून त्याची पाठ गेली होती आणि तो आता दुकानांपुढे झाडझूड करून मिळेल ते आणायचा. दोन मुली शाळेत. म्हणजे घर चालायचे ते या नऊ रुपयांवर.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. जिल्हा नवा, म्हणून कार्यालये नवी, कार्यालये नवी, म्हणून इमारती नाहीत. ज्याला जी जागा सापडली ती त्याने भाड्याने घेतली. आमच्या वाट्याला बंद पडलेल्या जिनिंगची दोन गोदामे आली. वर पत्रा. मे महिन्यात टाइपरायटरच्या कळांना बोट लावले की चटका बसायचा, आणि जोराचा वारा सुटला की तुळयांवरचा जुना कापूस उडून आवक-जावक रजिस्टरवर येऊन बसायचा. मी नांदेडहून बी.कॉम. होऊन नुकताच लागलो होतो. कॉलेजात ताळेबंद शिकलो होतो, ताळेबंदावरचा कापूस कसा फुंकायचा हे या गोदामात शिकलो.

दोन गोदामांच्या मध्ये आठ फुटांचा बोळ होता. त्यात ऊन यायचे ते दुपारी अर्धा तास. बोळाच्या टोकाला पायऱ्यांची दगडी विहीर होती, पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता आणि विहिरीत कबुतरे राहत होती.

आमचे केळुसकर साहेब सावंतवाडीकडचे. डोळ्यांना हिरवे दिसत नाही म्हणून माझा चष्म्याचा नंबर वाढला, असे ते अगदी गंभीरपणे सांगायचे. बोळ पाहिल्याबरोबर त्यांच्या मनात नेच्यांची बाग तयार झाली. नेच्याला फूल नको, ऊन नको, खत नको, सावली असली की झाले, असा त्यांचा हिशोब. त्या हिशोबात पाणी कुठेच नव्हते. कोकणातल्या माणसाला ते धरावे लागत नाही.

नागुबाईंना कायम करण्याचा प्रस्ताव त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर होता. कागद पुरे होते, फक्त साहेबांची शिफारस हवी होती. साहेब माणूस वाईट नव्हते, पण सही करण्याआधी माणूस पारखून घ्यायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "नागुबाई, एवढे पंधरा नेचे पावसाळ्यापर्यंत सांभाळा. मग मी डोळे मिटून सही करतो." जूनमध्ये त्यांची बदली होणार हे सगळ्यांना ठाऊक होते. नवे साहेब आले की प्रस्ताव पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होणार, हेही ठाऊक होते. म्हणजे नागुबाईंची नोकरी पंधरा कुंड्यांत लावलेली होती, आणि पावसाळ्याला तीन महिने होते.

रोपवाटिकेने सोबत एक छापील चिठ्ठी दिली होती. दिवसातून तीनदा पाणी, शिवाय पानांवर फवारा. हेडक्लार्क भगवानरावांनी ती मोठ्याने वाचली. फवाऱ्याचे यंत्र कार्यालयात नव्हते, ते विकत घ्यायला मंजुरी नव्हती. भगवानराव म्हणाले, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून कपड्यांवर फवारा मारतो, त्याला रोज पाच मिनिटे बोलवावे. नागुबाई म्हणाल्या, बोलवा, पण त्याच्या तोंडात पान असतंय, झाडं लाल होतील.

खरी अडचण वेगळी होती. टँकर चार दिवसांतून एकदा यायचा आणि आमच्या वाट्याला दोन पिंपे पाणी मिळायचे. त्यावर वीस माणसांचा स्टाफ आणि रोज खेड्यापाड्यांतून येणारी पन्नास-साठ माणसे. नागुबाईंच्या वस्तीतल्या बाया दोन घागरींसाठी अर्धा दिवस रांगेत बसायच्या, नागुबाईंच्या दोन्ही मुलीही त्याच रांगेत असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तांब्या भरून घेतला, पहिल्या कुंडीपाशी गेल्या, उभ्या राहिल्या आणि तसाच परत आणून माठात ओतला. मला म्हणाल्या, "भाऊ, मला नोकरी पायजे, हे खरं हाय. पण माणसाचं पाणी पाल्याला घालून ती मिळवली, तर वस्तीत तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर व्हरांड्यातले माठ गायब. नागुबाईंनी तिन्ही माठ बोळात नेले होते. गोदामात पडलेले एक लांब बाकडे ओढून त्यावर माठ मांडले होते, आणि बाकड्याखाली व पुढे ओळीने पंधरा कुंड्या. बोळाच्या दोन्ही तोंडांना जुनी पोती टांगली होती. शिवाय नागुबाईंचे फर्मान निघाले की यापुढे टेबलावर पाणी मिळणार नाही. ज्याला तहान लागेल त्याने बोळात यावे, कुंड्यांपुढे उभे राहावे आणि तांब्या वर धरून प्यावे.

आमच्याकडे पाणी वरूनच पितात. भांड्याला ओठ लागला की भांडे उष्टे झाले. मान मागे टाकायची, तांब्या वीतभर उंच धरायचा आणि धार घशात सोडायची. कितीही सराव असला तरी घोटभर पाणी हनुवटीवरून खाली जातेच. नागुबाईंची सगळी बाग त्या घोटावर उभी होती.

आठवडाभरात त्यांनी माणसांची प्रतवारी लावली. नीट पिणारा माणूस त्यांच्या लेखी फुकट गेला. टपाल बघणारा श्रीमंत एक थेंब न सांडता अख्खा तांब्या रिकामा करायचा. त्याला त्या म्हणायच्या, काय उपयोग तुमच्या येण्याचा. मी अर्ध्या कुंडीचा होतो. भगवानरावांना मोठ्या मिशा होत्या आणि मिशीत पाणी अडून दोन्ही बाजूंनी गळायचे, म्हणून ते दोन कुंड्यांचे. त्यांना याचा इतका अभिमान वाटू लागला की काम नसताना ते बोळात जाऊन पाणी प्यायचे. पेला तोंडाला लावून पिणारे फक्त साहेब. पण साहेबांना काही म्हणता येत नव्हते.

सगळ्यांत मोठा मानकरी मात्र बाहेरचा निघाला. दगडोबा नावाचे एक वयस्क शेतकरी नायगावकडून लातूरला लेकीकडे येऊन राहिले होते आणि जावयाच्या कुठल्याशा कामासाठी दर दोन दिवसांनी कार्यालयात यायचे. पहिल्यांदा बोळात आले तेव्हा माठ बघून त्यांनी विचारले की पाणी कुणी भरलंय. कशासाठी विचारताहेत हे आम्हा सगळ्यांना कळले आणि आम्ही सगळ्यांनी फायलीत डोके घातले.

नागुबाई तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "टँकरचा डायवर मुसलमान हाय, नळ सरकारचा हाय, माठ कुंभाराचा हाय, भरलं म्या. आन तहान तुमची हाय, मामा. बघा, कोणाचं चालतंय ते."

बाहेर पारा त्रेचाळीसला होता. दगडोबांनी बोळाच्या दोन्ही बाजूंना बघितले, तांब्या घेतला आणि कुठूनही कुठे स्पर्श होऊ नये म्हणून हात पूर्ण वर ताणून, जवळजवळ डोक्याच्या वर धरून प्यायले. अर्धे पाणी सदऱ्यात, अर्धे खाली. नागुबाईंनी पायाने तीन कुंड्या हळूच पुढे सरकवल्या. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, असा सोवळा माणूस रोज एक आला तर पंधराच्या पंधरा जगतील. पुढे दगडोबा आले की भगवानराव स्वतः उठून त्यांना आधी पाणी घ्यायला सांगायचे, काम मागून. महिनाभराने दगडोबांचा हात बराच खाली आला होता. नागुबाईंनी त्यांना सरळ सांगितले की मामा, तुम्ही आता दीड कुंडीवर आलात.

एवढे करूनही पुण्याचे नेचे मरत होते. ते लांब, मऊ पानांचे होते, त्यांच्या मुळाशी पालापाचोळ्याची माती होती. सांडलेले पाणी त्यांना पुरत नव्हते आणि वारा तर पोत्यांतूनही गरम येत होता. आधी पानांची टोके तपकिरी व्हायची, मग पान गोळा व्हायचे, मग एके दिवशी कुंडीत फक्त झाडूच्या काड्या. एप्रिल संपताना चार उरले. पाच मे रोजी साहेब मुलीच्या लग्नासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर गेले, तेव्हा त्यांनी घाईत बोळाकडे वळून बघितले नाही. भगवानरावांनी मेलेल्या कुंड्या मुद्दाम पिंपामागे सारल्या होत्या.

साहेब गेले त्या दुपारी नागुबाई विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. अर्ध्या तासाने वर आल्या तेव्हा ओच्यात काहीतरी बांधलेले होते. काळ्या, केसासारख्या बारीक देठांची आणि कोथिंबिरीसारख्या पानांची रोपे. अगदी तळाशी, जिथे दगडाला अजून ओल होती, तिथल्या सांध्यांतून काढलेली. मी विचारले की ही तुम्हाला माहीत कशी.

"लहानपणी आमाला गावच्या हिरीवर चढू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "काठापाशी उभं राहायचं. कोणी वाढलं तर पाणी. दोन-दोन तास उभं ऱ्हावं लागायचं, मग बघायचं काय? हीच बघायची. उन्हाळ्यात जळून काळी व्हायची, पाणी आलं की परत उगवायची. मला वाटायचं, ह्यांला तरी हिरीत ऱ्हायाला मिळतंय."

मग त्यांनी मेलेल्या कुंड्यांतली पुण्याची माती उपसून टाकली. विहिरीच्या कठड्याचा सुटलेला चुना खरवडला, विटांचे तुकडे कुटले, चुलीतला कोळसा घातला. रोप जसे भिंतीत होते तसे कुंडीत पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. कुंड्यांना ओले पोते गुंडाळले आणि माठांच्या बरोबर खाली, जिथे पाझर टपकतो, तिथे ठेवल्या. आठ दिवस काही झाले नाही. नंतर काळ्या देठांच्या मधून पोपटी मुठी वर आल्या, आणि एकेक मूठ उघडत गेली.

मध्ये एक घोटाळा झाला. त्या दिवसांत कोथिंबिरीची काडी बाजारात दिसत नव्हती. एका संध्याकाळी भगवानराव बोळातून दोन कुंड्यांची छाटणी करून घरी घेऊन गेले आणि त्यांच्या कावेरीबाईंनी ती वरणात घातली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, वास काही आला नाही, पण दिसायला वरण चांगले दिसले. नागुबाईंनी आठ दिवस त्यांना बोळात एकटे जाऊ दिले नाही. दोन कुंड्यांचा माणूस, पण पाणी प्यायला श्रीमंत सोबत लागायचा.

साहेब सव्वीस मेला आले. आदल्या दिवशी भगवानरावांनी नागुबाईंना बसवून समजावले होते. साहेबांना झाडे ओळखू येत नाहीत, आली असती तर लातूरला मागवली नसती. तुम्ही गप्प राहायचे, विचारले तर हाव म्हणायचे, बाकी मी बघतो. सही झाली की मग हवे ते बोला. नागुबाईंनी मान डोलावली होती.

साहेब बोळात आले आणि थांबले. पंधरा हिरव्या कुंड्या, ओली पोती, माठांखाली थंडावा. गोदामातल्या उकाड्याला कंटाळून दोन कारकुनांनी टेबलेही तिथेच ओढून आणली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाने थोडी बारीक झाल्यासारखी वाटतात, असे ते म्हणाले. भगवानराव तयारच होते. इकडच्या हवेने पान लहान होते साहेब, माणसेही बारीक होतात, असे त्यांनी सांगितले. साहेबांना ते पटले. मला वाटते त्यांना ते पटवून घ्यायचे होते. त्यांनी प्रस्ताव तिथेच मागवला, मी फाईल उघडून धरली, त्यांनी पेनाचे टोपण काढले.

आणि कुंड्यांकडे प्रेमाने बघत म्हणाले, "शेवटी पुण्याचा माल. तग धरतो."

सही व्हायला दोन बोटांचे अंतर होते. नागुबाई माठाशी उभ्या होत्या. भगवानराव त्यांच्याकडे एकटक बघत होते. त्यांनी डोळ्यांनी जेवढे सांगता येते तेवढे सांगितले.

"पुण्याचा माल एप्रिलातच मेला, साहेब," नागुबाई म्हणाल्या. "चार ऱ्हायलेत, ते त्या कोपऱ्यात. ही अकरा हितल्या हिरीतली हायेत. म्या आणलीत."

साहेबांनी पेनाला टोपण लावले. भगवानरावांकडे बघितले. भगवानराव पत्र्याकडे बघत होते. साहेब म्हणाले, सरकारी नेचे मेले कशाने, याचा लेखी खुलासा उद्या दुपारपर्यंत द्यावा. आणि फाईल स्वतःच्या काखेत घेऊन खोलीत गेले.

भगवानरावांनी कपाळाला हात लावला. त्यांनी विचारले की बाई, तुम्हाला एक मिनिट गप्प बसायला काय झालं होतं. नागुबाई म्हणाल्या, मी बसलेच होते गप्प. मी झाडं जगवली, तर सायबांनी माझं नाव घेतलं न्हाई, ते चाललं असतं. पण पुण्याचं घेतलं.

खुलासा लिहायला आम्ही फाटकाबाहेर मडिवाळप्पांकडे गेलो. ते उदगीरकडचे, लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहायचे. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि मजकूर सगळ्यांना एकच. त्यांनी कागद ओढला आणि विचारायच्या आतच लिहायला लागले: "सविनय सादर की, सदरहू अर्जदार ही गरीब विधवा असून..."

"अप्पा, नवरा जित्ता हाय माझा," नागुबाई म्हणाल्या.

"असू दे की. अर्जाला जोर येतो."

"मग त्याला सांगून तरी या."

अप्पांनी विधवा खोडली, पण गरीब ठेवले. पुढे त्यांना दुष्काळाचे भीषण संकट आणि दयाळू मायबाप सरकार घालायचे होते. नागुबाई म्हणाल्या, मी सांगते तेवढंच लिहा, जास्तीच्या शब्दाला पैसे न्हाईत. अप्पा म्हणाले, एवढ्याने काम होणार नाही, साहेब लोकांना थोडे लांब लागते. नागुबाई म्हणाल्या, त्यांनी झाडं कशानं मेली ते विचारलंय, मी कशी हाय ते न्हाई विचारलं. शेवटी अप्पांनी नाराजीने लिहिले, ते असे:

"पुण्याची झाडे दिवसाला तीन वेळा पाणी मागत होती. टँकर चार दिवसांनी येत होता. मी पाणी माणसांना दिले. माणसांनी सांडले ते झाडांना दिले. तेवढ्यावर चार जगली, अकरा मेली. माणूस कुणी तहानलेले परत गेले नाही. विहिरीतली अकरा मी आणली, त्यांचे पैसे पडले नाहीत."

खाली नागुबाईंनी सही केली. त्यांना सही येत होती, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या होत्या. मडिवाळप्पांच्या मनाला तेही थोडे लागले, कारण अंगठ्यासाठी त्यांनी शाईची डबी आधीच उघडून ठेवली होती.

साहेबांनी खुलासा बारा वाजता घेतला आणि दारातच उभे राहून वाचला. मग त्यांनी बोळात जाऊन विहिरीतल्या एका कुंडीवरची पाने बोटाने उचलून बघितली. त्यांनी एकच विचारले, "याला दिवसाला किती पाणी लागते?"

"सांडंल तेवढं," नागुबाई म्हणाल्या.

साहेबांनी तांब्या मागितला. पेला नाही, तांब्या. मान मागे टाकली, हात उंच केला. सवय नव्हती, त्यामुळे पाणी नाकात गेले, चष्म्यावर गेले, शर्ट पुढून भिजला. चांगले दोन-अडीच कुंड्यांचे काम झाले. कुणी हसले नाही, फक्त श्रीमंत खोकला. साहेबांनी रुमालाने चेहरा पुसला, फाईल मागवली आणि शिफारशीच्या रकान्यात लिहिले की पाणी आधी कुणाला द्यावे याची यांना समज आहे, सबब कायम करावे. अकरा नेचे उन्हाने मेले म्हणून मी रजिस्टरमधून कमी केले. विहिरीतली अकरा रजिस्टरला घेता आली नाहीत, कारण किमतीचा रकाना कोरा ठेवता येत नव्हता.

जूनच्या दहा तारखेला साहेब बदलून गेले. ऑगस्टात नागुबाईंचा कायमपणाचा आदेश आला, चतुर्थ श्रेणी, पहिल्या तारखेपासून. त्या दिवशी त्यांनी कार्यालयात सगळ्यांना पेढा दिला, आणि पाणी टेबलावर मिळेल का विचारणाऱ्याला नाही म्हणून सांगितले.

मडिवाळप्पांनी खुलाशाची लिहिणावळ तीन रुपये सांगितली होती. नागुबाईंकडे तेव्हा एक रुपया होता, तो त्यांनी दिला आणि बाकीचे पहिल्या पगारावर कबूल केले. पगार झाला त्याच्या आठवडाभर आधी अप्पा उदगीरला गेले आणि पुन्हा लिंबाखाली बसले नाहीत. दोन रुपये द्यायचे राहिले आहेत.